सहीच्या वरची तिरपी रेघ

फोनवर दसाराम मामाचं नाव दिसलं, पण बोलणारा दुसराच होता. "दीदी, आप जल्दी आ जाओ... मेरी गाडी से हुआ है." हिंदी छत्तीसगडच्या वळणाची. गोंदियाहून देवरीची बस धरून मी सरकारी दवाखान्यात पोचले, तोवर मामा गेला होता. ज्या ट्रकनं त्याच्या सायकलला धडक दिली, त्याच ट्रकमध्ये घालून ड्रायव्हरनं त्याला आणलं होतं. तो व्हरांड्यात फरशीवर बसला होता, हातात मामाची एक चप्पल. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. त्याच्या अंगाला डिझेलचा, घामाचा आणि मामाच्या रक्ताचा वास येत होता. दुसरा कसलाही नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथेच लिहून ठेवते, पुढे ते लागणार आहे.

मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या गावच्या ठाण्यासमोर होतं. गावाचं नाव लिहीत नाही. असं ठाणं आणि असं दुकान कुठेही असेल. पोलिसांना पंच लागला की शिपाई फाटकातूनच ओरडायचा, "दसाराम, एक सही दे बे!" झडती झाली, वस्तू जप्त झाली, तर ती खरंच तशी सापडली का, हे डोळ्यांनी पाहणारा बाहेरचा माणूस म्हणजे पंच. आरोपी आणि पोलीस यांच्यामध्ये कायद्यानं उभा केलेला एकटा त्रयस्थ. मामा हाताचं ग्रीस पुसत जायचा, कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करायचा, चहा पिऊन परत यायचा. पाच मिनिटांचं काम.

अशाच एका सहीवर मोहफुलं वेचणारा एक माणूस आठ महिने तुरुंगात राहिला. त्यानं शेतातली पाण्याची मोटर चोरली आणि पंचांसमोर स्वखुशीनं भाताच्या तणसाच्या ढिगातून काढून दिली, असं पंचनाम्यात होतं. मामानं ना तो ढीग पाहिला होता, ना मोटर. खटला उभा राहिला, मामाला समन्स आलं. कोर्टातलं बोलणं मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मी तिथे होते असंच वाटतं.

"सही तुमचीच?" सरकारी वकिलानं विचारलं.

"माहीच हाय."

"आणि वरचा मजकूर?"

"तो मागून आला."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोऱ्या कागदावर सही कशी केली तुम्ही?"

"साहेब, मले वाटलं, कोऱ्या कागदात खोटं कुठून असन?"

सरकारी वकिलानं त्याला फितूर जाहीर केलं. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की साक्षीदार ज्यानं बोलावला त्याच्या बाजूनं बोलला नाही. पण गावात असा अर्थ कोण लावतो? मामा शपथेवर खरं बोलला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव फितूर पडलं. "फितुराच्या दुकानातून हवा भरून आन." मामा हसायचा. "काऊन बे, फितुराची हवा लवकर निघते का?" पोलिसांच्या सायकली मात्र पुन्हा त्याच्याकडे आल्या नाहीत.

तो माणूस सुटला. एकदा दुकानात आला. मामानं स्टूल पुढे केलं, तो बसला नाही. "आठ महिने तू इथंच बसून होता न?" एवढंच बोलला आणि गेला... यावर मामाला कधी विनोद सुचला नाही. तेव्हापासून तो कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायचा, आणि मजकूर जिथे संपतो तिथून सहीपर्यंत एक तिरपी रेघ ओढायचा. मध्ये कोणाला काही घुसवता येऊ नये म्हणून. माझ्या वसतिगृहाच्या अर्जावर पालक म्हणून त्याची सही आहे, तिच्यावरही ती रेघ आहे. वसतिगृहाच्या बाई चिडल्या होत्या, फॉर्म खराब केला म्हणून.

मी मोर्चातल्या पत्रकांवर वाढले. पंक्चरच्या सामानाच्या खोक्यात मामा ती माझ्यासाठी जपून ठेवायचा आणि मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. अटकेची कारणं सांगितलीच पाहिजेत. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलंच पाहिजे. वकील मिळालाच पाहिजे. कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मामा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत ऐकायचा. एकदा म्हणाला, "हे सारं बराबर हाय पोरी. पण खाली सही माह्यासारख्याचीच राहते न?"

दवाखान्यात त्या दिवशी हवालदार आला. मामी भिंतीला टेकून बसली होती, शवविच्छेदन व्हायचं होतं, अंधारायच्या आत मामाला घरी न्यायचं होतं. "मॅडम, इथं, इथं अन् इथं सही मारा. बाकी मी भरून घेतो, बॉडी लवकर भेटन." कागद कोरे होते. ज्या माणसानं मला सही कशी करायची ते शिकवलं, तो आत स्ट्रेचरवर होता, आणि बाहेर मी तीन कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. रेघ ओढली नाही.

मामीच्या नुकसानभरपाईच्या अर्जासाठी गेल्या आठवड्यात कागदांच्या नकला काढल्या. घटनास्थळ पंचनाम्यात लिहिलंय, की ट्रकच्या केबिनमधून दारूची अर्धी बाटली माझ्यासमक्ष जप्त झाली आणि ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी त्या जागी गेलेच नव्हते. जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे, ते मागितलं, तर हवालदार म्हणाला, "त्या दिवशी मोबाइलची बॅटरी डाउन होती." ड्रायव्हरच्या रक्ताचा अहवाल अजून आलेला नाही. त्या बाटलीपायी कलम वाढलं आणि ड्रायव्हरला जामीन मिळत नाही. खरं सांगते, बाटलीचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. सडू दे, असं वाटलं. मग सहीवर नजर गेली. माझीच होती.

मी कोर्टात अर्ज देणार म्हटल्यावर मामी उठून उभी राहिली. "ज्यानं मामाले चिरडलं, त्याले सोडवून राहिली तू?"

"सोडवत नाही मामी. धडक दिली त्याची शिक्षा होऊ दे. पण बाटली..."

"कायदा तुह्या कागदात राहते. माह्या घरात खाट रिकामी हाय."

मी नकला गोळा करून पिशवीत घातल्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. गावात माझ्यासाठी नाव तयारच आहे, नवं शोधायला लागणार नाही.

काल मामाच्या बंद दुकानात, त्याच्या स्टुलावर बसून अर्ज लिहिला. कागद कोरे होते, मी काही पाहिलं नाही, सह्या माझ्याच आहेत. ही माझ्याचविरुद्ध साक्ष आहे, पण मला कोणी भाग पाडलेलं नाही. दोनदा वाचला. शेवटची ओळ आणि सही यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली होती. मी तिथे तिरपी रेघ ओढली.