कॅप्टन मोकाशींचं ‘आत्ता नको’

सकाळची सोलापूरची एसटी मी ऐटीत हात हलवून पुढं घालवली. एवढा मूर्खपणा मी पुन्हा केला नाही. तसे बारीकसारीक केले. सोलापुरात संध्याकाळी आईचं पोटाचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी तुला बघायचंय, एवढंच तिचं मागणं. पण मी, बाईसाहेब, विमानानं जाणार होते. बघायला आमच्या ईट गावच्या निम्म्या बायका मीच माळावरच्या धावपट्टीपाशी बोलावल्या होत्या.

विमान दोन खुर्च्यांचं. दुष्काळातून वाचलेल्या उसावर औषध फवारायला साखर कारखान्यानं आणलेलं. वैमानिक कॅप्टन मोकाशी सुटा भाग आणायला सोलापूरला निघाले होते. आमचे हे कारखान्यात शेतकी अधिकारी, म्हणून माझी वर्णी लागली.

मोकाशी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची मूठ अजून दिसते. उडण्याआधी ते धावपट्टी पायानं तुडवत, टोकाच्या बाभळींपाशी थांबत आणि मूठभर माती हवेत सोडत. त्या दुपारी माती सरळ त्यांच्या बुटांवर पडली.

मी लग्नातला शालू नेसून मागच्या खुर्चीत कोंबलेली. पत्रा तव्यासारखा तापलेला.

“वहिनी, पायाशी काय आहे?”

“काही नाही.”

त्यांनी ज्वारीचं अर्धं पोतं आणि करडीच्या तेलाचा डबा बाहेर काढला. माहेरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

“आता तरी चला की.”

“आत्ता नको. माळ उंचावरचा, त्यात हे ऊन. हवा पातळ झालीय, वाराही नाही. बाभळी ओलांडायच्या नाहीत.”

“आई वाट बघतीय हो.”

“म्हणूनच.”

एसटी गेलेली, विमान हलेना. खाली उतरावं तर बायका. “काय गं, उडालीस का उबवतीस?” शेजारची पारूबाई ओरडली. मी तशीच घामात बसून राहिले आणि मोकाशींना तोंडावर भित्रे म्हणाले. त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

“रागवा, वहिनी. रागवायला माणूस उरलं पाहिजे.”

ऊन कललं, वारा सुटला, माती तिरपी उडाली, तेव्हा निघालो. तरीही बाभळींचे शेंडे चाकांखालून असे गेले की मी डोळे मिटले.

पोचलो तोवर आईला आत नेलं होतं. मोकाशी टोपी मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले.

आई शुद्धीवर आल्यावर मात्र सगळी तक्रार ओतली. तिनं डोळे मिटूनच ऐकून घेतली.

“बाहेर हायत का त्ये? आत बोलाव. तुझ्या बापाला जन्मात तुला एका जागी बसवता आलं न्हाय. बघू तरी कोण हायत.”