दोन डोळ्यांच्या मधलं माप

माझ्या थोरल्या बहिणीने, बाकुलीने, आयुष्यात कुठलंच काम अर्धवट सोडलं नाही आणि कुठलंच काम कुणाला विचारून केलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी ती घरात सरडा घेऊन आली, तेव्हाही तिने विचारलं नाही.

सरडा म्हणजे कुंपणावरचा साधा नव्हे. रंग बदलणारा, शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. मादागास्करात प्रत्येक घराण्याला पूर्वजांनी काही ना काही वर्ज्य करून ठेवलंय. शेजारच्यांना डुक्कर वर्ज्य, आम्हाला हा सरडा. त्याला शिवायचं नाही. आमची म्हातारी आई, आमची नेनी, त्याच्याकडे बघतही नाही. त्याचा एक डोळा गेलेले दिवस बघतो, दुसरा येणारे. आपण त्याच्याकडे बघितलं की तो आपले उरलेले मोजतो, असं ती मानते.

बाकुली हमरस्त्यावरच्या सरड्यांच्या बागेत कामाला होती. परदेशी पाहुणे तिथे फोटो काढायला यायचे. तिच्याकडे सरडे नव्हते, सरड्यांचं जेवण होतं, म्हणजे किडे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, वीस वर्षं रेशीमकिडे वाढवलेले; किड्यांना तिचा हात लाभायचा. पुढे पाहुणे आटले, बाग बंद पडली. शेवटच्या दिवशी मालक फिदीने वाकड्या पायाचं एक पिल्लू बाजूला काढलं.

"हे काही जगायचं नाही, बाकुलीताई."

"माझ्याबद्दलही असंच म्हणाले होते सगळे. दे इकडे."

पिल्लू कॉफीच्या फांदीवर बसलं होतं. तिने फांदीच उचलली आणि जाळीच्या पिंजऱ्यात रोवली. पिल्लाला बोटही लावलं नाही. नियम मोडला नाही, नुसता वळसा घातला.

नाव ठेवलं केली, म्हणजे छोटा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. हा कुंपणापर्यंत पोहोचायलाच दुपार लावेल. पण जेवण मात्र राजाचं! आधी चिलटं. त्यासाठी बाकुलीने बरणीत केळी सडवली आणि सगळं घर नासवलं. मग बादलीत रातकिडे. त्यांना लपायला अंड्यांचे पुठ्ठे, खायला गाजर आणि भोपळ्याच्या फोडी, पाण्यात बुडू नयेत म्हणून ओला कापूस, अंडी घालायला सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू. तो डबा उबेसाठी चुलीजवळ. केलीला द्यायच्या आधी किड्यांवर अंड्याच्या टरफलाची पूड भुरभुरायची, हाडं बळकट व्हावीत म्हणून.

"माझ्या गुडघ्यांवर पण भुरभुरव थोडी," मी म्हणायचे.

"तू आधी भोपळा खा, नुरु. रातकिड्यांना कळतं ते तुला कळत नाही."

दोन महिन्यांत केली माझ्या करंगळीएवढा झाला. बाकुली त्याच्याशी बोलायची, तेव्हा तिचा आवाज मी कधी न ऐकलेला असायचा.

एका गुरुवारी आम्ही दोघी बाजाराला गेलो आणि मागून रान्द्रियामामा आला, नेनीचा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी. परत येऊन बघतो तर मामा चटईवर बसून कुरुम कुरुम खातोय.

"वा, बाकुली! भोपळ्यावर पोसलेत वाटतं? काय गोडी आलीय गं!"

बाकुली जिन्यावरच बसली.

नेनीचं तरी काय चुकलं? आमच्याकडे रातकिडे घरात असले तर खाण्यासाठीच असतात. तिने पंख-पाय काढून, मीठ लावून तळले. बारीक होते ते कोंबड्यांना टाकले. पाहुणा आला म्हणून सडक्या केळ्यांची बरणीही रिकामी करून घासून ठेवली.

"भावापुढे नुसता भात ठेवू?" ती म्हणाली. बाकुलीचं तोंड बघून मग तिचा आवाज खाली आला. "मला काय माहीत, त्या... त्याचं ते एवढंच जेवण होतं?"

वाळूतली अंडी फुटायला अजून दहा दिवस होते. शेतात किडे होते, पण आदल्याच आठवड्यात टोळांवर औषध फवारलेलं. त्यातला एक किडा म्हणजे विषाची गोळी. बाकुली नुसतं पाणी पानांवर शिंपडत राहिली. चौथ्या दिवशी केली भरदिवसा डोळे मिटून बसला. हे लक्षण वाईट असतं, ते मलाही ठाऊक झालं होतं. बाकुलीनेही चार दिवस भाताला हात लावला नव्हता. खरं सांगते, मला सरड्याचं काही नव्हतं, मी बहिणीसाठी घाबरले.

पाचव्या सकाळी नेनीने काठी आणि टोपली घेतली. "नुरु, चल. थडग्यावर जायचंय."

"आज? काय काढलंस?"

"पूर्वजांच्या गवतावर कोण औषध मारणार? चल म्हटलं ना!"

ऐंशी वर्षांची बाई टेकडी चढली. थडग्याच्या ईशान्य कोपऱ्यात तिने रमचे दोन थेंब ओतले आणि आमच्या वडिलांशी बोलायला लागली.

"अहो, तुमचा नियम मोडत नाही मी. पण पोरगी चार दिवस जेवली नाही. तुमच्या गवतातले थोडे किडे नेते. राग आलाच तर माझ्यावर काढा, मी तशीही लवकरच येणार आहे तिकडे."

मग आम्ही दोघी गुडघे टेकून गवतात नाकतोडे धरत राहिलो. तिच्या हातून दहांतला एक सापडायचा, पण थांबायला तयार नाही.

घरी बाकुलीने टोपली उघडून बघितली आणि मान हलवली. "नेनी, हे मोठे आहेत गं. घशात अडकतील. त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये जेवढी जागा, त्याहून मोठा किडा नको."

"केवढी जागा?"

बाकुलीने फक्त पिंजऱ्याचं दार उघडलं.

नेनी कितीतरी वेळ जमिनीकडे बघत उभी होती. मग पुढे झाली, वाकली आणि तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"एवढंसं?" ती म्हणाली. "अगं, हे तर तांदळाच्या दाण्याएवढंही नाही."

तिने टोपलीत चाचपून नाकतोड्याचं सगळ्यांत बारीक हिरवं पिल्लू शोधलं, टरफलाची पूड भुरभुरली आणि गवताच्या काडीवर ठेवून पुढे धरलं. केलीने एक डोळा उघडला, मग दुसरा. दोन्ही काडीकडे वळले आणि फटकन जीभ आली.

नेनीने दुसरं दिलं, तिसरं दिलं. मग काडी खाली ठेवून बाकुलीकडे वळली.

"तुझं लेकरू जेवलं. आता माझ्या लेकराला वाढते मी."