पुण्याची गोळी, सिंगापूरची गोळी

पुण्याहून इथे सिंगापूरला कुणीही आलं की बॅगेत दोन गोष्टी असतातच, भाकरवडी आणि गोळ्यांच्या स्ट्रिप्स. भाकरवडी दोन दिवसांत संपते. गोळ्या उरतात, आणि त्यांच्याबरोबर किस्से उरतात. आमच्या तोआ पायोहच्या ब्लॉकमध्ये ते जरा जास्तच साचले, कारण आठव्या मजल्यावर मृणालवहिनी राहतात. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात त्या फार्मासिस्ट आहेत. मी तिखटमीठ लावून सांगतो असं आमच्या सौ.चं म्हणणं. मीठ वहिनींनी बंद केलंय, तेव्हा नुसतं तिखट समजा.

*

पहिला नग मीच. घसा धरला म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं, सात दिवस, रोज जेवणानंतर. पाचव्या दिवशीही घसा तसाच. लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या.

"डोस चुकला का एखादा?"

"चुकला नाही. काल एकादशी होती. जेवलोच नाही, तर जेवणानंतरचं कसं घेणार?"

"खिचडी किती खाल्लीत?"

"दोन प्लेट."

"आणि लाडू?"

"तीनच."

वहिनींनी माझ्या पोटाकडे शांतपणे पाहिलं. "आमच्या फार्मसीत याला जेवण म्हणतात."

*

कौस्तुभ म्हणजे वहिनींचे यजमान. प्रोजेक्ट मॅनेजर. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली तशी त्याने एक्सेल शीट केली. तारीख, डोस, स्टेटस. घेतली की हिरवा रंग.

बारा तारखेला वहिनींनी शीट उघडली. महिनाअखेरपर्यंत सगळं हिरवंगार. मग त्यांनी ड्रॉवर उघडला. स्ट्रिप कोरी करकरीत.

"हे काय?"

"अगं, प्लॅन आहे तो. क्लायंटला आम्ही असंच दाखवतो."

वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "घ्या. क्लायंट समोर बसलाय."

*

मग आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांसाठी आले. वय बहात्तर. पुण्यात तीस वर्षं कारखान्यात सायकलने गेलेला माणूस. कुणीतरी त्यांना सांगितलं की पुलाउ उबीन नावाचं बेट आहे, होडीने जायचं आणि दिवसभर सायकल चालवायची. झालं. सिंगापुरात त्यांना दुसरं काही बघायचंच नव्हतं.

पण आल्या आल्या बीपी वाढलं. वहिनींच्या हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. फार्मसीच्या काउंटरवर वहिनी दिसल्या तसे अप्पा रांग ओलांडून थेट पुढे.

"मृणाल, आमचं तेवढं आटप गं."

"अप्पा, नंबर घेतलात का?"

"अगं, एका ब्लॉकमधले आपण."

"नंबर घ्या आणि बसा."

अप्पा पाऊण तास बसले. मी तीन तास सांगतो, पण पाऊणच. पाळी आल्यावर वहिनींनी विचारलं, "आणखी कुठलं औषध घेता?"

"छे. फक्त चहा," अप्पा फुगूनच म्हणाले.

*

दोन आठवड्यांत अप्पांना चक्कर यायला लागली. एकदा बाथरूममध्ये, एकदा हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत हातात कॉफी असताना. सौ.ने जाहीर केलं, "आणखी एकदा आली तर उबीन रद्द, आणि परतीचं तिकीट अलीकडचं." तेव्हापासून अप्पांना चक्कर येणं बंद झालं. म्हणजे सांगणं बंद झालं. भिंत धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "रंग बघतोय."

मी वहिनींना बोलावलं. त्यांनी चकरेचा विषयच काढला नाही. चहा घेता घेता म्हणाल्या, "अप्पा, सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा बरं."

"सहाला उठतो. पुण्याची गोळी. मग चहा. मग तुझी सिंगापूरची गोळी."

"पुण्याची कसली?"

"बीपीची."

"मग त्या दिवशी विचारलं तेव्हा नाही म्हणालात ते?"

"अगं, अठरा वर्षं घेतोय. ते औषध कसलं? सवय आहे."

वहिनींनी दोन्ही स्ट्रिप्स उलट्या केल्या. वर नावं वेगळी. खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, औषध एकच. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पुण्याची गोळी बंद झाली. अप्पांनी त्या दिवशी स्ट्रिपची मागची बाजू भिंगाखाली तासभर वाचली.

*

तीन आठवडे चक्कर नाही, बीपी जागेवर. डॉक्टर हो म्हणाले, मग सौ.ही हो म्हणाली. आम्ही पाचहीजण उबीनला गेलो. अप्पांनी सायकलवर टांग मारली आणि पहिल्याच वळणावर दिसेनासे झाले.

अर्धा तास झाला तरी पत्ता नाही. फोन उचलेनात. सौ. रडायच्या बेताला आली. कौस्तुभ मागे कुठेतरी राहिलेला. वहिनी सगळ्यांत पुढे पेडल मारत होत्या.

एका जुन्या कंपोंग, म्हणजे खेडेगावातल्या लाकडी, घरासमोर अप्पांची सायकल दिसली, नीट स्टँडवर. पडवीत नारळपाण्याचा स्टॉल. स्टॉलवाले चिनी आजोबा अप्पांच्याच वयाचे. त्यांना मराठी येत नव्हतं, अप्पांना चिनी येत नव्हतं. दोघांच्या मध्ये टेबलावर गोळ्यांची पाकिटं मांडलेली. अप्पा चष्मा कपाळावर चढवून एकेक पाकीट उलटं करून वाचत होते. आजोबा आतून आणखी एक पिशवी घेऊन येत होते.

वहिनी धापा टाकत पडवीत शिरल्या. "अप्पा!"

अप्पांनी मान वर केली नाही.

"मृणाल, नंबर घेतलास का?"