तपासणीला मी गेलोच नव्हतो

बायको गेली तेव्हा दुखवट्याला येणाऱ्या बायका एकच बोलत होत्या, "बिचारीला पोटी काय न्हाई झालं." मला ते ऐकवेना. उठून गोठ्यात जाऊन बसायचो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी पलटणीतून पेन्शनीवर घरी आलो. गाव कराडपासून दोन कोसांवर. लग्नाला अकरा वर्षं झालेली. नोकरीत होतो तोवर लोक म्हणायचे, वर्षाला दोन महिने सुट्टी, पोर व्हायचं कवा? ही सबब मला लय सोयीची होती. घरी आलो आणि ती संपली. वर्ष गेलं, काही नाही. शेजारच्या डोहाळजेवणाला हिला बोलावणं आलं नाही. मग तिनंच सांगलीच्या एका डॉक्टरची माहिती काढली.

डॉक्टरनं तिला तपासलं आणि मला म्हणाला, "यांच्यात अजून तरी दोष दिसत नाही. आता तुमचा धातू तपासू." समोरच्या बोळात लॅबोरेटरी होती, तिथं सोमवारी जायचं ठरलं.

पासष्टच्या लढाईत मी पुढं होतो, पण धातू द्यायच्या त्या बाटलीला भ्यालो.

गावात माझा एक दोस्त होता. शाळेपासूनचा, पुढं पलटणीतही बरोबर, चार पोरांचा बाप. त्याला मळ्यात गाठून सगळं सांगितलं, माझ्या जागी तू बाटली दे म्हणालो, तर तो पोट धरून हसला. "आरं, शाळेत माझ्या पाटीवरनं उतरवायचास, आता ह्यात बी?"

"हसू नगंस. माझ्यात खोट निघाली तर तोंड कुठं दावू?"

"आन वहिनीच्यात निघाली तर?"

खोट बायकांच्यातच असते असं तेव्हा सगळे धरून चालायचे. मीही.

सोमवारी बायकोला डॉक्टरच्या बाकावर बसवलं. लॅबोरेटरीत माझं नाव पुकारलं आणि दोस्त उठला. तो बाटली घेऊन आत, मी बाहेर त्याची टोपी धरून उभा. चार दिवसांनी रिपोर्ट मिळाला, एकदम चांगला. तो कागद आईपुढं ठेवला. आईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला.

मग सगळं हिच्यावर आलं. गोळ्या, इंजेक्शनं, गर्भाच्या नळ्यांत औषध सोडून काढलेले एक्स-रे फोटो. परत येताना एसटीत ती पोटाशी हात दाबून वाकून बसायची. आणि मी संशय घेत होतो. डॉक्टरला काही येत नसेल. ही गोळ्या खात नसेल. ती पाण्याला गेली की पाकिटातल्या गोळ्या मोजायचो. एकही जास्त निघाली नाही.

आईनं दुसऱ्या लग्नाचं काढलं, हिच्याच धाकट्या बहिणीशी. मी ठाम नाही म्हणालो. गावानं मला देवमाणूस केलं. देवमाणूस कसला! दुसरीलाही झालं नाही तर बोट माझ्याकडं येणार, एवढंच मला कळत होतं. आई तणतणत बाहेर गेल्यावर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "लय उपकार झालं." ते ती मनापासून म्हणाली की टोचून, ते मला अजून ठरवता येत नाही.

चौथ्या वर्षी एका सकाळी कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली आणि ती चढेना.

"आवं, मी येत न्हाई."

"का? अर्ध्यात सोडतीस व्हय?"

"डॉक्टर म्हणतो माझ्यात काय न्हाई. तुमचा कागुद म्हणतो तुमच्यात काय न्हाई. मग ह्यो औशीद करतोय कुणाला?"

एवढं बोलून माझ्याकडं बघत राहिली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली. मी म्हणालो, "तुझी मर्जी. उद्या मला बोल लावू नगंस."

त्या दिवसापासून मी पाळतीवर. दोस्त आला की ती त्याला चहा कसा देते, त्याच्या बायकोशी विहिरीवर काय बोलते. हा दारूत बरळला असणार, असं धरून मी त्याच्याशी बोलणं तोडलं. दवाखान्याची वाट पुन्हा धरली नाही. कुणी विचारलं की सांगायचो, "हिलाच सोसवत न्हाई." ती ऐकत असायची. अशी चाळीसच्या वर वर्षं गेली.

तिच्या दहाव्याला दोस्त काठी टेकत नदीवर आला. पिंड मांडून सगळे लांब बसले होते, कावळा काही शिवेना. मी त्याच्याजवळ गेलो. "खरं सांग. तिला तू सांगितलंस?"

"न्हाई रं. तिनंच विचारलं. रगत तपासताना लॅबोरेटरीतला माणूस चिठ्ठीवर तुझं नाव बघून तिला म्हणाला हुता, मागं बाटली द्यायला आलेलं तुमचं उंच, मिशीवालं मालक आता येत न्हाईत व्हय? तू तर हा एवढासा बुटका. मला म्हणाली, भाऊजी, बाटली कुणाची हुती? मी खाली मान घातली."

"कवा?"

"तिनं सांगली बंद केली, त्याच्या आदी आठ दिस."

"मग माझ्याशी भांडली का न्हाई?"

"मी बी तेच इचारलं. म्हणाली, त्यांच्या तोंडनं येऊ द्या. त्यांनी एकदा सांगितलं की दोघं मिळून परत जाऊ सांगलीला."

म्हणजे स्टँडवर ती माझ्याकडं बघत राहिली, ते एवढ्याचसाठी. मी एक शब्द बोललो असतो तर पुढची गाडी तासाभरात होती. तेव्हा ती जेमतेम तिशीची होती. माझ्यात खरंच काय होतं, औषधानं बरं झालं असतं का, हे कधी तपासलंच नाही.

भावकीतला एक जण ओरडला, "तिची काय इच्छा ऱ्हायली आसंल ती बोला, म्हणजे शिवंल!"

मी पिंडापुढं गेलो आणि सगळ्यांदेखत बोललो, "तपासणीला मी गेलोच न्हवतो. बाटली दुसऱ्याची हुती. खोट तुझ्यात न्हवती."

कुणी तोंडावर उपरणं धरलं, कुणी वाळूकडं बघू लागलं. दोस्त रडत होता. थोड्या वेळानं कावळा आला आणि भात घेऊन गेला. तो माझ्या बोलण्यानं आला की ऊन चढलं, भूक लागली म्हणून आला, याचा मला अजून संशय आहे.