कुंदाचा फ्रीजर कुणी बंद केला?

कुंदाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयाच्या खिडक्या उघडत होते. "ताई, कुंदा गेली..." एवढंच तो बोलला. संत्र्याच्या बागेतून परतताना एसटीतच तिच्या छातीत कळ आली होती. त्याला महिना होऊन गेला. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

उमरेडच्या विणकर घरातली ही मुलगी शाळेत माझ्या शेजारी बसायची. पुढे नागपुरात मी ज्या संस्थेत ग्रंथपाल, तिथेच ती संशोधक म्हणून आली. मधमाश्यांच्या अंगातली प्रथिनं तपासायची. तरुण माश्या डोक्यातल्या ग्रंथींमधून अळ्यांसाठी अन्न पाझरवतात. फवारणी झालेल्या बागांजवळ त्यातलं प्रथिन घटतं का, हे तिला शोधायचं होतं. "माशी दिसते धडधाकट वं," ती म्हणायची, "पण पोरायले चारायले तिच्यापाशी काही उरत नाही."

तीन हंगामांत गोळा केलेल्या माश्यांचे नमुने तिने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये जपले होते. मे महिन्यात संस्थेत बडे पाहुणे आले. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी कूलर लावायचा म्हणून कुणीतरी फ्रीजरचा प्लग काढला. शनिवारी काढला, तो परत लावायचं कुणाला सुचलं नाही. सोमवारी कुंदाने दार उघडलं, तर सगळ्या कुप्या कोमट... प्रथिनं नासलेली. विभागप्रमुख म्हणाले, "माश्याच तर आहेत मॅडम, पुन्हा पकडा."

तिने लेखी तक्रार दिली. कुणी विचारलंसुद्धा नाही. मी संतापले, तर मलाच म्हणाली, "रडत काहून बसू? उद्या बागेत चालली मी." आणि खरंच, पहिल्या बागेपासून तिने पुन्हा सुरुवात केली. आणखी तीन हंगाम राबली. प्रथिन घटतं, हे तिने दाखवून दिलं. शोधनिबंध छापून आला, तर पहिलं नाव विभागप्रमुखांचं!

शोकसभेत तेच गृहस्थ फोटोला हार घालून म्हणाले, "मॅडमनी कधी तक्रार केली नाही." मी उभी राहिले. "केली होती. आवक नोंदवहीत आहे. आणून दाखवू?" त्यांनी घड्याळ पाहिलं आणि घाईघाईने सगळ्यांना दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं.

आता विभागाला तिची माश्या पकडताना घालायची जाळीची टोपी हवी आहे, काचेच्या कपाटात मांडायला. ती तिच्या भावाने माझ्याकडे दिली. माझ्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे. काठावर मेणाचे पिवळे डाग, जाळीत अडकलेला तिचा एक पांढरा केस... ती तिथेच राहील.