काळ्या नाकाचा कुत्रा

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आमच्या घराजवळच्या बागेत ब्राँझचा नवा कुत्रा बसवलाय. आज सकाळी माझ्या लेकीने त्याच्या नाकावरून हात फिरवला आणि मला एकदम प्राग आठवलं.

बारा वर्षांपूर्वी मी तिथे शिकत होते आणि आई भेटायला आली होती. उलट्या दिशेने चालणारं घड्याळ, उंच दांडीला एका हाताने लोंबकळणारा पुतळा, सगळं बघून ती खुदखुदत होती. जुन्या पुलावर मात्र थबकली. तिथे एका पुतळ्याखाली ब्राँझमध्ये कोरलेला कुत्रा लोकांच्या हातांनी घासून सोन्यासारखा लखलखत होता. आईने भर गर्दीत चपला काढल्या, कुत्र्याला हात लावला आणि तोच हात डोळ्यांना लावला.

"अगं, तो देव नाहीये," मी शरमून पुटपुटले.

"नसू दे. इतक्या जणांनी त्याच्याकडे काहीतरी मागितलंय ना? मीही मागितलं, तुझं न्यूझीलंडला जायचं जमू दे म्हणून."

आमच्या बागेतल्या कुत्र्याचं नाक अजून काळंच आहे. मी पायातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढल्या.

"मम्मा, व्हाय?" लेकीने विचारलं.

"कुणीतरी सुरुवात करायला हवी."