दम लागला की आशीर्वाद

आमच्या ह्यांना दम लागत नाही. निदान त्यांचं स्वतःचं तसं म्हणणं आहे. त्यांना फक्त लोकांना आशीर्वाद द्यावेसे वाटतात, आणि नेमके चढावरच वाटतात.

हे म्हणजे पाद्री कहसाय. गाव दरीच्या तळाशी आणि गाब्रिएल देवदूताचं चर्च वर, कड्याच्या पोटात कोरलेलं. एवढं उंच कशाला कोरलं म्हणून मी लग्न होऊन आले तेव्हा सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, "आळशी पाद्री टिकू नये म्हणून." पुढे चर्चची किल्ली तिच्याच मुलाकडे आली. ते बघायला ती नव्हती, हे एक बरं झालं.

आमच्यात पाद्री वाटेत भेटला की थांबायचं, वाकायचं, त्याच्या हातातल्या लाकडी क्रॉसला आधी कपाळ लावायचं, मग ओठ. आणि कुणी क्रॉस मागितला तर पाद्र्याने नाही म्हणायचं नाही, मग तो घाईत असो की तोंडात घास असो. लोक मागतात, पाद्री देतो, अशी ही रीत. ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले तशी ह्यांनी ती उलटी केली. कुणी मागो न मागो, चढ आला की क्रॉस बाहेर! शेळ्या राखणारा, लाकडं आणणारी, जो दिसेल त्याला गाठायचं, आणि तो वाकलेला असताना आपण डोळे मिटून श्वास घ्यायचा. एकदा वाटेवर कुणीच नव्हतं, तर गाढवाला आशीर्वाद दिला. गाढवाने क्रॉस चाटला.

दरीतून चालत चालत चर्च बघणारे परदेशी लोक येतात, पाठीवर अख्खं बिऱ्हाड बांधून. त्यांना वर नेण्याचं काम ह्यांचंच. हॉलंडची एक उंच बाई आली होती. प्रत्येक वळणावर वाकून वाकून तिची कंबर धरली. शेवटी तिने दुभाष्याला विचारलं, "ह्या दरीत फार पापं होतात का?"

हे म्हणाले, "तिला सांग, होत नाहीत. मी जागोजागी थांबतो ना, म्हणून!"

सगळ्या गावाला हे नाटक ठाऊक होतं आणि सगळं गाव निमूट वाकत होतं. अपवाद एकच, अबरहेत. आमची शेजारीण, ह्यांच्याच वयाची, लहानपणी ह्यांच्याबरोबर शेळ्या राखलेली. दर महिन्याला देवदूताच्या नावाने एकेका घरी जेवण असतं. सात वर्षांपूर्वी तिची पाळी होती. तिने घरी गाळलेली सुवा, म्हणजे आमची जवाची बियर, सगळ्यांना दिली. ह्यांनी घोट घेतला आणि भरल्या घरात म्हणाले, "यंदा नदीला पाणी भरपूर दिसतंय." लोक खो खो हसले. अबरहेत हसली नाही. त्या दिवसापासून हे समोरून आले की ती कड्याकडे तोंड करून उभी राहायची. क्रॉसला कपाळ लावायला दुखऱ्या कमरेने शेजारच्या गावी चालत जायची, पण ह्यांच्यापुढे वाकायची नाही. मीसुद्धा तिच्याशी बोलणं टाकलं होतं. नवऱ्याला मी हवं ते बोलेन, दुसऱ्या कुणी त्याच्याकडे पाठ केलेली मला खपत नाही.

गेल्या वर्षी देवदूताच्या सणाला हे वर पोचेपर्यंत उन्हं आली. बंद दारापुढे सगळं गाव थंडीत कुडकुडत उभं. यंदा सण तोंडावर आला तसे चर्चच्या पंचांतले वडीलधारे वेल्दू घरी आले.

"कहसाय, किल्ली आता हाफ्तोमला दे," ते म्हणाले. हाफ्तोम म्हणजे धाकटा पाद्री, बोकडासारखा चढणारा.

"मला काय झालंय?" हे म्हणाले.

"गुडघे झालेत तुला. हे बघ, सणाच्या पहाटे खालून वर जाऊन दाखव. मध्ये बसायचं नाही. बसलास तर किल्ली त्याची."

"बसतोय कोण!" हे छाती काढून म्हणाले. वेल्दू गेल्यावर मात्र किल्ली मुठीत धरून भिंतीकडे बघत बसले. जेवायला हाक मारली तरी हलेनात. मला रडूच आलं. हा माणूस त्या किल्लीवर उभा होता. ती काढून घेतली असती तर तो कोसळला असता, आणि मग तो ढिगारा माझ्याच्याने उचलला नसता.

सणाच्या आदल्या दिवशी मी बायांना कॉफीला बोलावलं. पहिला पेला झाला, दुसरा झाला. तिसरा ओतताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "उद्या चढावर कुणाला आशीर्वाद हवाय का गं?"

सगळ्या पदराआड हसायला लागल्या. "मला हवाय, पहिल्या वळणावर," एक म्हणाली. "आमच्या ह्यांना उंबराखाली उभं करते, त्यांना गरजच आहे," दुसरी म्हणाली. तिसरीने निवडुंगाची जागा धरली. अबरहेतला मी बोलावलं नव्हतं. बोलावून ती आली असती थोडीच!

पहाटे निघालो. पुढे हे, मागे पाठीवर भाकरी बांधून मी, आणि माझ्यामागे डोळ्यांत तेल घालून वेल्दू. पहिल्या वळणावर बाई उभी. "बाबा, क्रॉस!" उंबराखाली तिचा नवरा. निवडुंगापाशी तर एकीच्या मागे एक अशी रांगच लागली होती.

"आज एवढी भक्ती कुठून उगवली?" वेल्दू पुटपुटले.

"सण आहे ना," मी म्हटलं.

क्रॉस मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे वेल्दूंनाही मान्य करावंच लागलं. आणि थांबणं म्हणजे काही बसणं नव्हे.

पण शेवटचा टप्पा वेगळाच. तिथे चपला काढून कातळातल्या खोबणींत बोटं रुतवून चढायचं. जेमतेम एक माणूस उभं राहील एवढा कंगोरा आहे, आणि तिथे उभं राहायला कुणीच तयार झालं नव्हतं. त्याच्या खाली हे थांबले.

"लेम्लेम, मी बसतो."

"बसू नका हो."

"गुडघे ऐकत नाहीत गं. घेऊ दे हाफ्तोमला." आणि त्यांनी कमरेच्या किल्लीची गाठ सोडायला हात घातला.

"ए कहसाय!" वरून आवाज आला. "क्रॉस दे इकडे!"

कंगोऱ्यावर कातळाला टेकून अबरहेत उभी होती. त्या कमरेने, आमच्याही आधी अंधारात चढून ती तिथे येऊन थांबली होती. हे कसेबसे दोन खोबणी चढून तिच्यापुढे गेले.

"तुला हवाय?" ह्यांचा विश्वासच बसेना.

"मग काय कड्याला? मागितलाय. नाही म्हणता येत नाही तुला."

ह्यांनी क्रॉस पुढे केला. तिने कपाळ लावलं, ओठ लावले. हे निघणार, तर तिने बाही धरली.

"जातोस कुठे? सात वर्षांचे राहिलेत. हा एक झाला."

पुन्हा कपाळ, पुन्हा ओठ. अगदी सावकाश. मग पुन्हा. ह्यांचा श्वास हळूहळू खाली बसत होता.

"काय चाललंय वर?" खालून वेल्दू ओरडले.

"माझी पापं फार आहेत, वेल्दूदादा!" अबरहेत ओरडली. "वेळ लागणार!"

हे तोंडातल्या तोंडात म्हणाले, "अबरहेत, त्या दिवशी सुवा चांगली होती गं."

"नव्हती. पाणी जास्तच झालं होतं," ती म्हणाली. "पण ते तू सांगायचं नव्हतंस."

मग ती कातळाला अंग चिकटवून बाजूला झाली. हे न बसता वर गेले, आणि थोड्या वेळाने कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आम्ही दोघींनी खाली उभं राहून ऐकला.